नानांच्या चाकाचा जोर

मंगळवार, ७ जानेवारी

पट्टा तुटला! नाना शेवटच्या वळणावर होते. जळक्या रबराचा वास आला आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात लुळं पडलं. दोन्ही हात वर करून म्हणाले, "सूनबाई, पेशंट गेला."

तसा तो वर्षभर आजारीच होता. नवऱ्याने पडद्यावरच्या मोटारशर्यतींसाठी हौसेने मांडलेला संसार हा — लोखंडी सांगाडा, त्यावर खऱ्या गाडीची सीट, पायाशी पेडलं, समोर तीन पडदे. तो दोन महिन्यांत कंटाळला. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आणि मी मात्र जे धरलं ते सोडलं नाही. गाड्या पडद्यावरच्या, पण समोरचे खेळाडू खरे आणि खुन्नस त्याहून खरी. सासूबाई गेल्यानंतर या घरात कुणी मोठ्याने हसलं असेल तर ते या मागच्या खोलीत.

कॅप्टनला कळवलं. आमच्या टीमचा तिसरा. प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणे. आमच्यासाठी तो कानातला आवाज. त्याचं उत्तर लगेच आलं : "पुन्हा पट्टेवालं घेऊ नका. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. तोही दणकट."

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मध्ये पट्टा नाही, काही नाही. स्टिअरिंग थेट मोटारीच्या दांड्यावर. टायर कुठे निसटतोय, रस्ता कुठे खडबडीत आहे, ते मोटार तळहाताला सांगते. मोटारीचा डबा म्हणजे बेस. जितका मोठा, तितका त्याचा जोर.

नाना जेवताना सारखं विचारत होते, "म्हणजे खरंच रस्ता कळतो?" डोळे चमकत होते. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, अजून पाणी मागतानासुद्धा हुकूम सोडल्यासारखं मागतात.

बुधवार, ८ जानेवारी

कॅप्टनचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. समोर कवळीचा साचा, हातात मेण तापवायची सुरी.

आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "वहिनी, यंदा वरच्या गटात जायचा चान्स आहे. पण चार तासांच्या शर्यतीत प्रत्येकाला आपला वाटा चालवावाच लागतो. नानांच्या वाट्यात आपण मागे पडतो. माणूस सोन्यासारखा. पण मागे पडतो."

मी म्हटलं, "हं."

"माझ्याकडे एक जण तयार आहे. मी नानांना जा म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. तुम्ही फक्त मोठा बेस घ्या. तो हाताला झेपला नाही की त्यांचं त्यांनाच कळेल."

यावर मी काय बोलले? "बघते" म्हटलं! बघते काय बघते! मेण सुरीवरून ओघळून टेबलावर सांडलं. शेजारी पॉलिशच्या चाकावर बसणारी ताई म्हणाली, "फोनवर कोण होतं गं? कुणी मागणी घातली का?" हसले. पण कान तापले होते.

गुरुवार, ९ जानेवारी

कॅप्टनला अजून नाही म्हणाले नाही. म्हणजे हो म्हणाल्यासारखंच आहे.

शनिवार, ११ जानेवारी

नानांना घेऊन दुकानात गेले. पहिल्या मजल्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर. आत थंडगार, अंधारा हॉल आणि दोन सांगाडे शेजारी शेजारी. एकावर छोटा बेस, नऊ न्यूटन-मीटर जोराचा. दुसऱ्यावर पंचवीसचा. त्याला लाल बटण — काही बिनसलं की दाबायचं, मोटार जागच्या जागी मरते.

दुकानदार तरुण आणि बोलका. "काका, आधी एक सांगतो. अंगठे आत गुंतवायचे नाहीत. गाडी भिंतीला लागली तर स्टिअरिंग सोडून द्यायचं. धरून ठेवलंत तर मनगट मोडेल तुमचं, ते नाही थांबणार."

नानांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. पोरगा हात झटकत बसला.

छोट्यावर नाना दोन फेऱ्या मारून उतरले. "बरंय. सभ्य आहे." मग मोठ्यावर बसले. पहिल्याच वळणाला रस्त्याच्या कडेवरून गेले तर स्टिअरिंगने त्यांचे खांदे गदागदा हलवले. मी पुढे धावले. ते ओरडले, "बाजूला हो! बोलतंय ते!" असा चेहरा मी सासूबाई गेल्यापासून पाहिला नव्हता.

उतरल्यावर म्हणाले, "हाच. छोट्याचं नाव काढायचं नाही."

मी विचारलं, "जड नाही पडणार?"

दुकानदारच मध्ये बोलला, "मोठ्याचा जोर कमी करता येतो, ताई. छोट्याचा वाढवता येत नाही. आपण मोठाच सांगतो सगळ्यांना."

परत येताना गाडी नानांनीच चालवली. सिग्नलला त्यांचा उजवा अंगठा मांडीवर थरथरत होता. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी स्वतः निवडला, मी नाही — असं मनात चारदा म्हणून झालं. खरं असतं तर एकदा पुरलं असतं.

रविवार, १२ जानेवारी

नवरा सकाळी भांडी पुसता पुसता म्हणाला, "एवढा रेडा कशाला आणताय घरात? नानांच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, तुला माहितीय ना?"

"त्यांनाच हवाय."

"त्यांना उद्या हत्ती हवा झाला तर?"

"जोर कमी करता येतो रे."

"मग ठीक." एक बशी पुसून झाली, दुसरी घेतली. "तू कमी करशील ना?"

करीन म्हटलं. आणि म्हणताना इतकं बरं वाटलं! म्हणजे तोडगा आहेच की. बेस मोठा येईल, कॅप्टन गप्प बसेल. नानांचा जोर मी कमी ठेवीन, अंगठा वाचेल. कुणालाच काही सांगायला नको. दिवसभर गुणगुणत होते.

बुधवार, २२ जानेवारी

आला! खोकं उचलायला दोघं लागले. जुन्या सांगाड्याची पुढची पट्टी त्याला पुरेना, हलायला लागली. नवऱ्याने जाड लोखंडी पट्टी कापून आणली. नाना पान्हा घेऊन सांगाड्याखाली उताणे. "आवळू?" "आवळा." "अजून?" "नाना, बोल्ट तुटेल!" "तुटला तर तो आपला नव्हताच."

संगणकावर दोन नावं केली — एक माझं, एक त्यांचं. चालक बदलला की नाव बदलायचं, जोर आपोआप बदलतो. माझा पंच्याऐंशी टक्के. नानांचाही आजच्या दिवस ऐंशी ठेवला. पहिला दिवस आहे, होऊ दे हौस.

दीड तास उठले नाहीत. प्रत्येक वळणाला बोलत होते, "आता मागचा टायर सुटतोय... सुटतोय... धरला!" मी पडद्यावर वेळ बघितली. नानांची आजवरची सगळ्यात जलद फेरी होती ती. कॅप्टनला कळवायला फोन उचलला आणि ठेवून दिला. का ठेवला?

गुरुवार, २३ जानेवारी

नानांचा अंगठा सुजलाय. चहाचा कप डाव्या हाताने उचलला. विचारलं तर, "काही नाही, व्यायाम आहे तो."

ते अंघोळीला गेल्यावर ऐंशीचे पासष्ट केले. सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. "मला काय म्हातारा समजतेस?" म्हणाले असते. सांगितलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

पन्नास केले. सूज उतरतेय. चांगलंच केलं.

बुधवार, २९ जानेवारी

पस्तीस.

संध्याकाळी लॅबमधून आले तर नाना सीटवर नुसते बसलेले. मोटार चालू, गाडी उभी. म्हणाले, "सूनबाई, तू यात काही बदललंस का गं?"

"नाही नाना. तसंच आहे."

"तुझं जेवढं, तेवढंच माझं?"

"तेवढंच."

"हं," म्हणाले. मग स्टिअरिंगवरून तळहात फिरवत राहिले, कपड्याचा पोत बघतात तसा.

मी स्वयंपाकघरात गेले. इतकं सहज कसं निघालं तोंडातून? पण आता सांगायचं तर आधीचं सगळंच सांगावं लागेल.

शनिवार, १ फेब्रुवारी

नानांनी नवीन खूळ काढलंय. काड्यापेटीच्या खरबरीत बाजूवरून एकेक बोट फिरवतात. जेवताना डोळे मिटून चमचा की काटा ते ओळखतात. काल नवऱ्याच्या शर्टाची बटणं न बघता लावून दाखवली. नवरा म्हणाला, "नाना, मी चौथीत गेलो तेव्हाच शिकलो हे." ते हसले नाहीत.

मला वाटलं, अंगठ्यासाठी कुणीतरी व्यायाम सांगितला असेल. बरं आहे, करू देत.

अंगठ्याची सूज आता पूर्ण उतरली. तरीही वीस केले. शर्यत तोंडावर आहे, चार तासांची. पुन्हा सुजायला नको.

की शर्यत तोंडावर आहे म्हणूनच? हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नानांनी पुन्हा विचारलं. "नक्की काही हलवलं नाहीस?" पुन्हा तेच सांगितलं. या वेळी पाठ न फिरवता, डोळ्यांत बघून! आणि रात्रीची भाजी चिरण्याआधी बारा करून आले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शर्यत.

पहिला वाटा कॅप्टनचा, दुसरा माझा. मी उतरले तेव्हा आम्ही चौथे. पहिले तीन वरच्या गटात जाणार. नाना बसले, हेडफोन चढवला, सीटचा पट्टा ओढला. मी नाव बदललं — माझं पंच्याऐंशी, त्यांचं बारा. एक क्षण बोट थांबलं होतं. बदललंच.

अर्धा तास ते अगदी जपून, म्हणजे हळू चालवत होते. कॅप्टन कानात, "नाना, थोडं रेटा. मागचा जवळ येतोय." नानांनी रेटलं. लांब उजव्या वळणावर गाडीचं मागचं टोक निसटायला लागलं. मला पडद्यावर दिसत होतं. हाताला ते डोळ्यांच्या आधी कळतं — कळायला हवं. नाना सरळ धरून बसले होते. गाडी गर्रकन फिरली, भिंतीवर. मागचे दोघं आमच्यावर.

खोलीत स्टिअरिंग फक्त टक्क झालं. बारा टक्क्यांत भिंतसुद्धा एवढीच लागते.

नानाच बोलले. "मला कळलंच नाही रे. सॉरी. कळलंच नाही."

अकरावे आलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

नानांनी टीम सोडली. आम्हाला न सांगता सकाळीच कॅप्टनला फोन केला. मला म्हणाले, "झालं माझं. तुमचा खेळ खराब करायचा नाही मला." बूट घातले, फिरायला गेले.

कॅप्टनचा निरोप : "वहिनी, सुटला प्रश्न. कुणाचं मन न दुखावता."

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्या नव्या खेळाडूसोबत सराव केला. जलद आहे. विनोदही बरे करतो. एक तास मजा आली. मग आठवलं आणि उठलेच.

मागच्या खोलीच्या दारावरून जाताना नाना हल्ली मान वळवत नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नाना म्हणाले, "आज दुपारी सुट्टी मिळेल का? डॉक्टरांकडे जायचंय. गाडी तू चालव."

गाडी तू चालव! हा माणूस, ज्याने माझ्या लग्नातसुद्धा स्वतःचीच गाडी स्वतःच चालवली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. बोटांवर कापूस फिरवला, मग टाचणी टोचली, मग तो थरथरणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, टेकवला. प्रत्येक वेळी नाना "हं, कळतंय" म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला तर सगळं ठीक वाटतंय. त्रास नेमका काय होतो?"

नानांनी नीट सांगितलं. शाळेत धडा समजावतात तसं, मुद्द्यामागून मुद्दा.

"घरी एक यंत्र आहे. हाताला रस्ता कळवतं. आणलं त्या दिवशी मला सगळं कळत होतं. मग रोज थोडं थोडं कमी होत गेलं. आता जवळपास काहीच कळत नाही. यंत्र तेच, जोर तेवढाच. दोनदा विचारून खात्री केली." मान माझ्याकडे वळवली. "हिलाच विचारा. ती बघते ते सगळं. म्हणजे यंत्र ठीक आहे. हात गेलेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "यंत्रात बदल नाही ना काही?"

मी मान हलवली. नाही म्हणून!

त्या छोट्या खोलीत, त्या गोल स्टुलावर बसून मी मान हलवली. काड्यापेटी, चमचे, शर्टाची बटणं — सगळं एकदम समोर आलं होतं. तरीही. नाना माझ्यावर विसंबून बोलत होते, बाई वाट बघत होत्या, आणि मला खोटं तोडण्यापेक्षा ते आणखी एकदा बोलणं सोपं वाटलं.

बाईंनी नसांची तपासणी लिहून दिली, पुढच्या आठवड्यात. सुया टोचून वीज सोडतात म्हणे. "तोवर गाडी चालवू नका, काका."

घरी आल्यावर नानांनी गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडे." तो म्हणाला, "अहो नाना, आठवडाभराचा प्रश्न." ते म्हणाले, "बघू."

शनिवार, १५ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग, "मला कशाला सांगतेस?"

रविवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवणं झाली होती. नाना खिडकीपाशी नखं कापत होते, प्रत्येक नखाआधी बोट दाबून बघत. मी समोर जाऊन उभी राहिले. बसायचं धाडस झालं नाही.

"नाना, तुमचा जोर मी कमी केला होता."

त्यांना आधी कळेना. "कसला जोर?"

"बेसचा. दुसऱ्या दिवसापासून. थोडा थोडा."

नेलकटर खाली ठेवलं. "किती?"

"ऐंशीवरून बारावर आणला."

"आणि तुझा?"

"पंच्याऐंशीच."

"मी विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो. आणि डॉक्टरांसमोरही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीक-पीक चालू होतं. ते थांबेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "का?"

"तुमचा अंगठा सुजला होता."

"फक्त अंगठा?"

काय सांगणार? कॅप्टनचा फोन सांगितला. माझं "बघते" सांगितलं. वरच्या गटाचं सांगितलं. आणि एवढं सांगूनही, अंगठा किती आणि बाकीचं किती, ते मलाच माहीत नाही, हेही सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. जन्मभर मैदानावर ओरडलेला माणूस. ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. "लाव," म्हणाले. "तुझ्याएवढा."

पंच्याऐंशी केले. ते बसले. पहिल्या वळणाला खांदे हलले. दुसऱ्याला मागचं टोक निसटलं आणि त्यांनी ते अलगद सावरलं, पडद्यावर दिसायच्या आत. मी तोंडावर हात धरला. तिसऱ्या फेरीच्या मध्यावरच त्यांनी लाल बटण दाबलं. मोटार मेली. ते तळहात उलटेपालटे करून बघत राहिले.

"कळतंय ना, नाना?"

"कळतंय. पण खरंच कळतंय, की तू सांगितलंस म्हणून कळतंय? तुझ्याच सांगण्यावरून तीन आठवडे कळत नव्हतं मला."

मी म्हटलं, "तपासणी रद्द करूया ना आता?"

"नको. सुया टोचू देत. त्यांना माझी दया येत नाही."

सोमवार, १७ फेब्रुवारी

लॅबमध्ये आज एका म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली. घट्ट बसते म्हणून घासायची होती. ताई म्हणाली, "थोडीच घास. एकदम सैल केलीस तर त्यांना वाटेल हिरडी गेली." मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभी राहिले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तपासणी झाली. नसा उत्तम. मला आत येऊ दिलं नाही — डॉक्टरांनी नव्हे, नानांनी. घरी येताना गाडी त्यांनी चालवली. मी मागच्या सीटवर. पुढे नवरा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नाना टीममध्ये परत आलेत. कॅप्टनशी त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. नवा खेळाडू राखीव झालाय. बेसच्या सेटिंगला नानांनी पासवर्ड घातलाय, त्यांच्या नावाला आणि माझ्याही. मी मागितला नाही. आज दोन तास चालवलं. माझं चाक त्यांनी किती जड ठेवलंय, मला माहीत नाही.